मृत्युलेखाआधी सिनेमा बघ

चि.,
अनेक आशीर्वाद.

हॉलिवूडची जुनी नटी जीन हार्लो हिच्यावरचा तुझा लेख काल रात्री वाचला, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचला. हात चांगला आहे. पण पहिल्याच वाक्यात तू तिला मारलंस आणि पुढे दोन हजार शब्द ती काही उठली नाही. ‘केस रुपेरी करता करता जिनं जीव गमावला’ ही सुरुवात चटकदार आहे, कबूल. पण खोटी आहे.

रागावू नकोस. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना एका रात्री रिकामी चौकट भरायला नेमकी हीच थाप छापली होती. कुणी हरकत घेतली नाही, खुलासा द्यावा लागला नाही. म्हणूनच ती अजून डाचते.

झालं ते असं. मे १९३७ च्या अखेरीस ‘साराटोगा’च्या चित्रीकरणात तिची तब्येत बिघडली. डॉक्टरांनी आधी पित्ताशयाचं दुखणं धरलं, पण निकामी होत होती ती मूत्रपिंडं. ७ जूनला लॉस एंजेलिसच्या गुड समॅरिटन रुग्णालयात ती गेली. वय २६. डायलिसिस तेव्हा कुणाच्या हाताशी नव्हतं, त्यामुळे निदान वेळेवर झालं असतं तरी फार काही करता आलं नसतं. दुसरी अफवाही तू उचलली आहेस: आई ख्रिश्चन सायन्स या औषधाऐवजी प्रार्थनेवर भर देणाऱ्या पंथाची, तिनं डॉक्टरला घरात येऊ दिलं नाही. डॉक्टर येत होते, नर्सा होत्या. चरित्रकारांनी हे केव्हाच निस्तरलंय.

मग केसांचीच गोष्ट का टिकली? मूत्रपिंडाच्या आजारात कुणाला धडा सापडत नाही, केस रुपेरी करायच्या पेरॉक्साइडमध्ये सापडतो. नटवी होती, भोगलं. आपल्याकडे पारावर बसून हेच बोलतात, तिकडे छापून बोलले एवढंच.

आणि या नादात खरी विलक्षण गोष्ट तुझ्या हातून निसटली. सिनेमा अर्धवट राहिला होता. एमजीएम स्टुडिओनं तिच्या जागी मेरी डीस नावाच्या मुलीला उभं केलं, कधी पाठमोरी, कधी मोठ्या हॅटखाली, कधी डोळ्यांना दुर्बीण लावून. आवाज पॉला विन्सलोचा. जुलैत, म्हणजे अंत्यविधीला दोन महिने व्हायच्या आत, सिनेमा थिएटरात लागला आणि तुफान चालला. नायक क्लार्क गेबल त्यात एका पाठीशी प्रेमाचं बोलतो. तो तुकडा मी बघितला तेव्हा पुढचे पाच मिनिट मला सिनेमा कळला नाही. यावर दोन परिच्छेद लिही. केसांवरचे काढून टाक.

पुढचा लेख हॉलिवूडच्याच मर्ल ओबेरॉन या नटीवर लिहायचा म्हणतेस. लिहीच, पण तिथे उलटी गंमत आहे. मरण साधं: नोव्हेंबर १९७९, मालिबू, पक्षाघाताचा झटका. खोटा होता तो जन्म. १९११ साली आपल्या मुंबईत जन्मलेली, कलकत्त्यात वाढलेली ही अँग्लो-इंडियन पोरगी जगाला सांगत राहिली की मी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची. जिला ती आई मानत होती त्या शार्लटला पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणायची. ती शार्लट खरं तर तिची आजी होती आणि जिला ती बहीण समजे ती कॉन्स्टन्स तिची आई, हे पुढे उघड झालं. १९७८ मध्ये टास्मानियातल्या होबार्टला तिचा सत्कारही झाला, ‘आपल्या गावची मुलगी’ म्हणून! पुढच्या वर्षी ती गेली.

तू तिला ‘खोटारडी’ म्हणशील अशी मला भीती आहे. तो शब्द लिहिण्याआधी त्या काळच्या हॉलिवूडची नियमावली वाच. गोऱ्या-काळ्यांचं प्रेम पडद्यावर दाखवायलाच बंदी होती. आपलं मूळ सांगितलं असतं तर ‘वदरिंग हाइट्स’ सिनेमातली नायिका कॅथी तिच्या वाट्याला आली नसती. शार्लटला मात्र काय वाटत असेल, ते तुझं तू ठरव. माझं मत मी बदलत असतो.

मृत्युलेख हा पुरावा नव्हे. तो घाईत लिहितात, बऱ्याचदा स्टुडिओनं पुरवलेल्या माहितीवर. जन्मदाखला, रुग्णालयाची नोंद, चरित्राच्या मागची टिपणं, इतकं बघितल्याशिवाय मरणावर एक ओळ लिहू नकोस.

आता हार्लोच्या लेखाची सुरुवात. ‘डिनर ॲट एट’ लाव, १९३३ चा, आणि सरळ शेवटाला जा. सगळे जेवायला निघालेत. हार्लो सहज म्हणते, परवा मी एक पुस्तक वाचत होते. शेजारून चालणारी मेरी ड्रेसलर अडखळते. एवढंच. साठी उलटलेली ड्रेसलर पुढच्याच वर्षी कर्करोगानं गेली, हार्लो चार वर्षांनी. त्या क्षणी दोघींची टायमिंग बघ, कुणी कुणाला किती जागा दिलीय ते बघ. तीन-चारदा बघ, मग लिहायला बस.

नवा खर्डा रविवारपर्यंत पाठव. बाराशे शब्दांच्या वर नको, माझे डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत.

तुझा,
काका