मक्याचं कणीस किंवा कॉफीच्या बिया वापरून लेथवर पेन कातता येतो का?

येतो की! पण दोन्हींची तऱ्हा वेगळी. दाणे काढलेलं कणीस आतून भुसभुशीत असतं; तसंच लेथवर चढवलं तर पटाशी टेकताच तुकडे उडतात. आधी ते ओव्हनमध्ये पार कोरडं करा. मग स्टॅबिलायझिंग रेझिनमध्ये (भुसभुशीत माल आतून घट्ट करणारं पातळ रेझिन) बुडवून व्हॅक्यूम चेंबरमध्ये, म्हणजे पंपाने हवा काढून घेता येणाऱ्या बंद भांड्यात ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पंप चालू ठेवा. इथे घाई नको. गंमत म्हणजे रेझिन खरं आत शिरतं ते पंप बंद करून हवा आत सोडल्यावर, त्यामुळे आणखी काही तास ते तसंच बुडलेलं राहू द्या. नंतर साधारण ९० ते ९५ अंश सेल्सिअसला तापवलं की कडक होतं.

भाजलेल्या कॉफीच्या बियांवर सरळ इपॉक्सी रेझिन ओता. पॉलियुरेथेन रेझिन ओलावा लागला की फेसाळतं, म्हणून ते माझ्या मते टाळलेलं बरं. पारदर्शक रेझिनमधून पेनच्या आत बसवलेली पितळी नळी डोकावते. नळी बाहेरून आणि तिच्यासाठी पाडलेलं भोक आतून रंगवून मगच चिकटवा.

हाडही छान कातलं जातं, वास मात्र भयंकर! आणि कुठलाही माल असो, धुळीसाठी चांगला मास्क हवाच.