अल्टिमीटर बदलला, दोष दुसरीकडेच निघाला... म्हणून एएमई सोडून देऊ का?

भांडुपच्या एका मुलाचं पत्र आलंय, चांगलं चार पानी आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे सांगते. वय 20, एएमईचा, म्हणजे विमानांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरचा कोर्स चालू आहे, बी वन टू म्हणजे पिस्टन इंजिनवाली छोटी विमानं, सध्या मुंबईबाहेरच्या एका हँगरमध्ये प्रॅक्टिकल. तिथे एका चार सीटर ट्रेनरवर स्नॅग (पायलटने लिहिलेली बिघाडाची तक्रार) आला की जमिनीवर अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं इन्स्ट्रुमेंट, बरोबर दाखवतो पण वर गेल्यावर जास्त दाखवतो आणि खिडकी उघडली की काटा उडी मारतो. याने क्यूएनएच, म्हणजे त्या वेळचं समुद्रसपाटीचं प्रेशर, लावून बघितलं, एअरफील्डच्या उंचीशी 20 फुटांचाच फरक, तरी "इन्स्ट्रुमेंटच खराब आहे" असं ठामपणे सांगितलं, स्टोअरमधून दुसरा अल्टिमीटर आणून बसवला. मग सरांनी लीक टेस्ट लावली तर एका मिनिटात काटा 400 फूट खाली. पॅनलच्या मागे स्टॅटिक लाईनचं, म्हणजे बाहेरच्या हवेचं प्रेशर इन्स्ट्रुमेंटपर्यंत नेणाऱ्या नळीचं, एक फिटिंग सैल होतं, आठवड्यापूर्वी व्हीएसआय (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा) बदलला तेव्हा उघडलेलं. काढलेला अल्टिमीटर शॉपमध्ये तपासला, एकदम ठणठणीत. सर सगळ्यांसमोर बोलले, "तू पार्ट बदलणारा होशील, इंजिनिअर नाही होणार." तेव्हापासून याला झोप नाही. पप्पांनी पतपेढीतून कर्ज काढलंय, मुलुंडचा मामा म्हणतो ऐरोलीत कॉम्प्युटरचा कोर्स कर, आणि हा विचारतो की मॅडम मी सोडून देऊ का, की निदान बी टू ला (इलेक्ट्रॉनिक्सवाल्या लायसन्सला) जाऊ?

सोडू नकोस. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, करिअर मार्गदर्शनात यायच्या आधी मी 16 वर्षं इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये काढलीत, तपासणीच्या बेंचवर शेकडो अल्टिमीटर हाताखालून गेलेत आणि त्यातले कितीतरी तुझ्यासारख्याच कोणीतरी उगाच काढून पाठवलेले असायचे, चांगले चालणारे.

आधी तो स्नॅग परत बघूया, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. अल्टिमीटरच्या आत काय असतं, हवा काढलेली पातळ पत्र्याची कॅप्सूल, आणि बाहेरच्या डबीत स्टॅटिक पोर्टमधून, म्हणजे विमानाच्या अंगावरच्या छोट्या भोकातून, येणारी हवा. वर गेलं की प्रेशर कमी, कॅप्सूल फुगते, काटा चढतो, बस. आता तुझी लाईन लीक होती केबिनच्या आत. जमिनीवर उभ्या विमानात केबिनची हवा आणि बाहेरची हवा यांचं प्रेशर एकच, मग लीक असला तरी काटा बरोबरच दाखवणार ना! उडताना मात्र बाहेरून वाहणाऱ्या हवेमुळे अशा छोट्या विमानाच्या केबिनमधलं प्रेशर बहुतेक वेळा थोडं कमी होतं, ती हवा लीकमधून लाईनमध्ये शिरली की अल्टिमीटरला वाटतं आपण अजून वर आहोत. खिडकी उघडली, केबिनचं प्रेशर बदललं, काट्याने उडी मारली. म्हणजे पायलटने स्नॅगमध्ये उत्तर लिहूनच दिलं होतं, आणि तुझं ते 20 फुटांचं रीडिंग हा दुसरा पुरावा होता की इन्स्ट्रुमेंट ठीक आहे. तू चेक बरोबर केलास, त्याचं म्हणणं मात्र ऐकलं नाहीस.

इन्स्ट्रुमेंटच बिघडलं असतं तर ते जमिनीवर नाहीतर बेंचवर बोललं असतं. काटा अडकत अडकत चढतो, काचेवर टिचकी मारली की पुढे सरकतो, हे आतलं घर्षण. वर जाताना बरोबर पण खाली येताना त्याच उंचीला जास्त दाखवतो, ही कॅप्सूलची सुस्ती, हिस्टरेसिस म्हणतात ते, बेंचवर 75 फुटांपर्यंत चालतं. प्रेशर सेट करायची नॉब फिरवली आणि स्केल व काटा एकमेकांबरोबर नीट चालत नाहीत, तर दोष बॅरो स्केलच्या गिअरमध्ये. आणि सगळ्यात पहिला प्रश्न कायम हाच की बाकीचे दोघे काय म्हणतायत, एअरस्पीड आणि व्हीएसआय? तिघं एकाच स्टॅटिक लाईनवर जगतात. तिघं मिळून खोटं बोलायला लागले तर लाईन किंवा पोर्ट बघ, एकटाच बोलत असेल तर त्याला काढ. आपल्याकडे पावसाळ्यात लाईनमध्ये पाणी साठतं, कव्हर न लावता विमान उभं ठेवलं तर पिटॉटमध्ये (एअरस्पीडसाठी समोरची हवा घेणाऱ्या नळीत) कुंभारमाशी मातीचं घर करते, पोर्टच्या भोवती पत्र्याला पोचा आला किंवा रंगाचा जाड थर बसला तरी रीडिंग बदलतं. यातलं काहीही अल्टिमीटर बदलून जाणार नाही.

आणि कधीकधी स्नॅगच खोटा असतो. पायलट लिहितो की 5,000 फुटांवर जीपीएस 300 फूट जास्त सांगतंय. अरे, अल्टिमीटर ज्या स्टँडर्ड हवेवर बनवलाय ती समुद्रसपाटीला 15 डिग्रीची, आपल्याकडे मे महिन्यात त्याहून पंधरा-वीस डिग्री जास्त, आणि दर 10 डिग्रीला साधारण 4 टक्के फरक पडतो, तर तेवढा फरक यायलाच हवा. तसंच जुलैत मुंबईचं प्रेशर 1003 हेक्टापास्कलच्या आसपास असतं, कोणी स्केल स्टँडर्ड 1013 वर विसरला की विमान जमिनीवर उभं राहून पावणेतीनशे फूट दाखवणार. नॉब फिरवली की स्नॅग संपला.

आता सर. सगळ्यांसमोर ते वाक्य बोलायला नको होतं, हे मी स्पष्ट म्हणते. पण ते का चिडले ते समजून घे. 1996 च्या 2 ऑक्टोबरला लिमाहून एरोपेरूचं बोइंग 757 रात्री निघालं, विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली टेप काढायची राहून गेली होती. खाली काळा समुद्र, समोरचे काटे खोटे, पायलटने कंट्रोलरला उंची विचारली तर त्याच्या स्क्रीनवरही विमानातूनच पाठवलेला आकडा, म्हणजे तोच खोटा. विमान पाण्याला लागलं तेव्हा अल्टिमीटर 9,700 फूट दाखवत होता. 70 माणसं गेली. स्टॅटिक लाईनवर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात हे असतं, तुझ्या सरांच्याही असणार, आणि त्यांच्या डोळ्यासमोर एक सैल फिटिंग होतं ज्याच्यावरून नजर फिरून गेली होती. व्हीएसआय बदलला तेव्हाच लीक टेस्टमध्ये ते सापडायला हवं होतं, ती चूक तुझी नव्हे, हेही लक्षात ठेव. अमेरिकेच्या एफएएचा (तिथल्या विमान नियामकाचा) आकडा सांगते, प्रेशरायझेशन नसलेल्या विमानात स्टॅटिक लाईनला साधारण 1,000 फुटांएवढं सक्शन द्यायचं, एका मिनिटात 100 फुटांपेक्षा जास्त पडता कामा नये. तुझ्या विमानाला लागू आकडे मेन्टेनन्स मॅन्युअलमध्ये बघ. तुझ्याकडे 400 पडले, म्हणजे काय ते तुला कळतंय.

माझं एक सांगते. शॉपमध्ये नवीन होते, एका विमानावर टेस्ट सेट लावून स्टॅटिकला सक्शन द्यायला लागले आणि पिटॉट तसाच उघडा ठेवला. दोन्ही एकत्र जोडायचे असतात, नाहीतर एअरस्पीडला वाटतं विमान सुसाट सुटलंय. काटा सर्रकन टोकाला जाऊन आपटला आणि तिथेच अडकला, एक चांगलं इन्स्ट्रुमेंट माझ्या हाताने गेलं. दोन दिवस मला डबा गेला नाही. तिसऱ्या दिवशी सीनियरने तोच टेस्ट सेट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, जोडण्याआधी प्रत्येक होज बोट लावून मोठ्याने सांग. ती सवय मी शॉप सोडेपर्यंत ठेवली.

आता बी टू चं. तू ते पळून जायला म्हणून विचारतोयस असं मला पत्रावरून वाटतं. बी टू म्हणजे एव्हिऑनिक्स, इलेक्ट्रॉनिक्स आणि डिजिटलचे विषय खूप खोल, मॉड्यूलला पास व्हायला तिथेही 75 टक्केच लागतात, आणि स्नॅग शोधायचं काम तर तिथे जास्तच आहे, वायरिंगमध्ये लीक दिसतसुद्धा नाही. तुला खरोखर इन्स्ट्रुमेंटची ओढ असेल (आणि चार पानांतली अडीच पानं तू त्या अल्टिमीटरवर लिहिलीयस, कर्जावर फक्त अर्धं) तर बी वन टू पूर्ण कर आणि मग बी टू जोड, किंवा सीएआर 145 ची (विमान-दुरुस्ती संस्थांसाठीच्या नियमाची) मान्यता असलेल्या कंपोनंट शॉपमध्ये शिरायचं बघ, तिथे अल्टिमीटर उघडतात, हँगरमध्ये तो उघडायची परवानगीच नसते. एक मात्र पप्पांपासून लपवू नकोस, छोट्या विमानांची कामं आपल्याकडे मोजक्या ठिकाणी आहेत, फ्लाइंग स्कूल, थोडे चार्टरवाले, त्यामुळे मुंबईतच राहीन असा हट्ट चालणार नाही, आणि एअरलाईनच्या मोठ्या विमानांवर सही करायला बी वन टू पुरत नाही, पुढे आणखी परीक्षा आणि त्या-त्या विमानाचं टाईप ट्रेनिंग लागतं. लायसन्स हातात यायला वेळ जातो, कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. हे तिघांनी, तू, आई, पप्पा, एका संध्याकाळी कागदावर मांडा.

आणि या रविवारी मामाकडे जा. तुझ्या मोबाईलमध्ये बॅरोमीटर सेन्सर आहे का बघ, सगळ्यांत नसतो, नसला तर मित्राचा घे. तळमजल्यावर रीडिंग लिही, लिफ्टने त्याच्या 22 व्या मजल्यावर जा, परत लिही. साधारण सात-आठ हेक्टापास्कल कमी यायला हवं, एका हेक्टापास्कलला 27-28 फूट धरून उंची काढ. मग तिथेच बसून सकाळी 10 ला आणि दुपारी 4 ला रीडिंग घे. इमारत हलली नाही, तू हलला नाहीस, तरी दुपारी दोन-तीन हेक्टापास्कल कमी दिसेल, कारण आपल्या भागात हवेचं प्रेशर रोज असंच वर-खाली होतं, सकाळी लावलेला क्यूएनएच दुपारी का चालत नाही ते तुला तिथे मामाच्या गॅलरीत कळेल. मामालाही दाखव, तो कॉम्प्युटरचं म्हणतोय ते काळजीपोटी म्हणतोय, त्याने तुला हे करताना कधी बघितलेलंच नाही.

सोमवारी हँगरला गेलास की सरांकडे त्या काढलेल्या अल्टिमीटरचा बेंच रिपोर्ट माग. किती फुटांवर किती एरर, चढताना किती, उतरताना किती, सगळे आकडे वहीत उतरव. आणि सांग त्यांना की पुढची लीक टेस्ट मला तुमच्यासमोर करायचीय. काय म्हणाले ते मला कळव.