वाचकांचे प्रश्न : मन कोरडे असताना स्तुती कशी गावी?

स्तुतिगीते आणि शास्त्रवचने यांविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे मोठी होती. त्यांतील मूळ प्रश्न तेवढे ठेवले आहेत.

प्रश्न : मी लहानपणापासून उपासनेत स्तुतिगीते गात आलो आहे. शब्द सगळे पाठ आहेत, पण देवाची थोरवी गाताना मनात काहीच हलत नाही. जे वाटत नाही ते गाणे हा दांभिकपणा नव्हे काय?

दांभिकपणा म्हणजे लोकांना दिसावे म्हणून केलेला देखावा. आपण कोणाला फसवत नाही. गीतात जे म्हटले आहे ते खरे आहे असे आपण मानता, फक्त त्या घडीला त्याची जाणीव होत नाही. ही अडचण मलाही चांगली ठाऊक आहे.

'हालेलूया' हा मूळ इब्री शब्द पाहा. त्याचा अर्थ 'परमेश्वराची स्तुती करा' असा असून त्यातील क्रियापद आज्ञार्थी आणि अनेकवचनी आहे. 'मला आज स्तुती करावीशी वाटते' असे त्यात कोणी सांगत नाही. एक जण बाकीच्यांना हाक देतो. बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या एकशे तिसऱ्या स्तोत्रात तर कवी स्वतःच्याच जिवाला हाक मारतो, की हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे उपकार विसरू नको. ज्या जिवाला असे बजावावे लागते तो आधीच भरून आलेला असेल असे मला वाटत नाही. बजावून झाल्यावर कवी ते उपकार एकेक करून मोजू लागतो, आणि स्तोत्र रंगत जाते ते त्या मोजणीनेच.

पाठ झालेल्या गीताबाबत एक उपाय सुचवते. ते चालीवाचून, वाचतो तसे सावकाश वाचा आणि ते शास्त्राच्या कोणत्या वचनावर उभे आहे ते शोधा. 'अमेझिंग ग्रेस' हे जगभर गायले जाणारे गीत जॉन न्यूटन यांनी इंग्लंडमधील ओल्नी येथे १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी रचले. त्या दिवशीच्या प्रवचनाचा आधार होता इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा सतरावा अध्याय, जेथे दावीद राजा देवासमोर बसून विचारतो की, मी कोण आणि माझे घराणे ते काय, की तू मला येथवर आणावेस? न्यूटन हे एके काळी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचे कप्तान होते. समुद्रातील वादळात त्यांनी देवाचा धावा केला तो १७४८ मध्ये, पण त्यानंतरही काही वर्षे ते हाच व्यापार करीत राहिले आणि या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहून त्यांनी आपल्या वाट्याची कबुली दिली ती थेट १७८८ मध्ये. हे कळल्यावर 'मी कोण' हा प्रश्न त्यांच्या तोंडी किती जड असेल ते लक्षात येते, आणि स्वतः लिहिलेल्या शब्दांचा पुरता अर्थ उमगायला गीतकारालाही किती वर्षे लागली तेही दिसते. आपणही स्वतःला तेवढा अवकाश द्यावा.

प्रश्न : रात्रीचे आकाश पाहून मला विस्मय वाटतोच. त्यासाठी शास्त्रवचनांची गरज काय?

विस्मय वाटण्यासाठी गरज नाही. त्या विस्मयाचे पुढे काय होते, हे मात्र वचने दाखवतात.

आठव्या स्तोत्राचा कवी आपल्यासारखाच चंद्र आणि तारे पाहतो. एवढ्या विस्तारापुढे माणूस क्षुल्लक आहे, इथवर कोणीही येईल. कवीचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे : हा मर्त्य मानव असा कोण, की तू त्याची आठवण ठेवावीस? हे अफाट आकाश ज्याचे, त्याने माझी आठवण ठेवावी, याचे त्याला खरे नवल वाटते. विस्मयाला असा ऐकणारा मिळाला की त्याचा कृतज्ञतेकडे जाणारा रस्ता अगदी थोडा उरतो.

एकशे चौथे स्तोत्र एकदा सलग वाचावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यात रानगाढवे झऱ्यावर तहान भागवतात, पाखरे गंधसरूवर घरटी बांधतात, रानबकऱ्या उंच कड्यांवर राहतात, रात्री सिंहाचे छावे भक्ष्यासाठी गर्जना करीत देवाकडे अन्न मागतात. सूर्य उगवला की ते आपल्या गुहांत जाऊन पडतात, आणि मग माणूस कामाला बाहेर पडतो तो संध्याकाळपर्यंत. सिंहाची पाळी संपली की माणसाची सुरू होते, एवढेच त्याचे स्थान! मला ही ओळ फार प्रिय आहे, कारण तिच्यात माणसाला खाली पाडलेले नाही. त्याला एका मोठ्या घरातल्या मंडळींत बसवले आहे. ईयोबाच्या ग्रंथात देव याहून पुढे जातो. सगळे गमावलेल्या ईयोबाला तो विचारतो की, जेथे कोणी मनुष्य राहत नाही अशा रानावर पाऊस कोण पाडतो? माणसाच्या उपयोगी न पडणारा पाऊसही मोलाचा आहे, हे इतक्या जुन्या ग्रंथात सापडते तेव्हा मी दर वेळी थबकते.

प्रश्न : घरी एकट्याने वाचन आणि प्रार्थना केली तर पुरत नाही काय? सर्वांनी मिळून गाण्याने वेगळे काय घडते?

आधी शरीराचे सांगते. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तरुण गायकांना एकत्र गुणगुणायला, एक स्तुतिगीत गायला आणि एक मंत्र सावकाश म्हणायला सांगून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. गीताच्या ओळी श्वास कोठे घ्यायचा ते ठरवतात, श्वास सर्वांचा एकाच वेळी होतो आणि त्यामागोमाग ठोक्यांची गतीही मिळून वरखाली होऊ लागते, असे त्यांना आढळले. ओळखपाळख नसलेली माणसे दोन कडव्यांत जवळची का वाटू लागतात, याचा थोडासा उलगडा यातून होतो.

पण माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट वेगळी आहे. एका अंत्यविधीत माझ्या शेजारी मृताचा मोठा भाऊ उभा होता आणि आम्हा दोघांत एकच गीतपुस्तक होते. पहिली दोन कडवी ते गायले. तिसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज गेला. त्यांचा अंगठा मात्र ओळीखाली सरकत राहिला. मागच्या रांगांतून गीत चालूच होते, कोणी थांबले नाही, कोणी वळून पाहिले नाही. शेवटच्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीला ते पुन्हा सुरात आले. एकट्याने गाताना आवाज गेला की गीत तेथेच तुटते. मंडळीत दुसरे कोणीतरी ते आपल्या वतीने धरून ठेवते, आणि पुढे कधीतरी आपण त्यांच्यासाठी तेच करतो.

बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात येशूचा संदेश सांगत फिरणारे पौल आणि सीला फिलिप्पै येथील तुरुंगात, फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री स्तोत्रे गातात. त्या वचनाचा शेवट असा आहे की, बंदिवान कान देऊन ऐकत होते.

प्रश्न : अलीकडेच माझ्यावर मोठा आघात झाला. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असे कोणी म्हणाले की जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटते. दुःखाबद्दल देवाचे आभार मानायचे काय?

नाही. पौलाने थेस्सलनीका शहरातील मंडळीला पत्रात 'सर्व स्थितीत' असे लिहिले. 'सर्व स्थितीबद्दल' असे लिहिले नाही. आपल्या नुकसानीला देणगी म्हणावे, अशी मागणी या वचनात नाही आणि ती कोणी आपल्याकडे करीत असेल तर तिचे ओझे आपण घेऊ नये.

शास्त्रात रडण्याला जागा आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काळोखात सुरू होऊन काळोखातच संपते. शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही, तरीही ते स्तोत्रसंहितेतून कोणी काढून टाकले नाही, की त्याला गोड शेवट जोडला नाही. आज तेच आपले स्तोत्र असेल तर तेच म्हणा. तीही प्रार्थनाच आहे, कारण ती तक्रार देवाच्या तोंडावर केलेली आहे.

मार्टिन रिंकार्ट यांची हकीकत या संदर्भात मला सांगावीशी वाटते. ते जर्मनीतील आयलेनबुर्ग या तटबंदीच्या शहरात पाळक होते. तीस वर्षांच्या युद्धात आसपासचे लोक आसऱ्यासाठी त्या शहरात दाटले आणि १६३७ मध्ये तेथे महामारी पसरली. त्या एका वर्षात रिंकार्ट यांनी चार हजारांहून अधिक माणसांचे अंत्यविधी केले. त्यांत त्यांची पत्नीही होती. याच काळाच्या आगेमागे त्यांनी लिहिलेले 'आता आपण सर्व जण देवाचे आभार मानू या' अशा अर्थाचे गीत आजही अनेक भाषांत गायले जाते, आणि ते मुळात घरच्यांनी जेवणाच्या वेळी म्हणावयाची प्रार्थना म्हणून रचले गेले असे मानतात. त्यात महामारीबद्दल आभार नाहीत. आईच्या कुशीत असल्यापासून सांभाळलेल्या जीवाचे आभार आहेत, आणि ते मानायचे आहेत अंतःकरणाने, मुखाने आणि हातांनी. हात हा शब्द मला त्या पाळकाच्या संदर्भात विसरता येत नाही.

येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून केल्या जाणाऱ्या विधीला, म्हणजे प्रभुभोजनाला, ग्रीक भाषेत जे नाव आहे, 'युखारिस्तिया', त्याचा अर्थच उपकारस्तुती. येशूने भाकर घेऊन आभार मानले ती रात्र त्याला धरून देण्यात आले तीच होती. त्या रात्री त्याने भाकरीसाठी आभार मानले आणि पुढे गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणीही केली. दोन्ही एकाच रात्री करता येते. आपल्याला आज गाता येत नसेल तर गाऊ नका. मंडळीत येऊन नुसते बसा.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, पण ही स्तोत्रे मला ओढून घेतात. परक्याने ती वाचावीत काय, आणि कोठून सुरुवात करावी?

अवश्य वाचावीत. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी दूर उभे राहून येशूला हाक मारतात. दहाही बरे होतात, परत येतो तो एकच, आणि तो शोमरोनी, म्हणजे त्या समाजाच्या लेखी परका असतो. मघाशी दूर उभा असलेला तो माणूस आता येशूच्या पायांशी येऊन आभार मानतो.

सुरुवात एकशे छत्तिसाव्या स्तोत्रापासून करा, आणि शक्य असेल तर दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. त्यात सव्वीस वचने आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी देवाची दया सनातन असल्याचे तेच ध्रुपद येते. ओळीचा पहिला भाग एकाने म्हणावा, ध्रुपद दुसऱ्याने. आकाश, सूर्य, चंद्र, दुभंगलेला समुद्र आणि पाडाव झालेले मोठमोठे राजे असे सगळे होऊन गेल्यावर शेवटून दुसऱ्या वचनात देव सर्व प्राण्यांना अन्न देतो एवढीच साधी गोष्ट येते. तेथे थोडे थांबून मग ध्रुपद म्हणा.