मुलगा १४ वर्षांचा, वजन बरंच जास्त, मान काळी पडलीय पण शुगर नॉर्मल आली, मग काळजी करायची का?

ताई, मानेवरचा तो काळा जाडसर पट्टा म्हणजे मळ नाहीये, घासून घासून पोराची कातडी सोलू नका. बहुतेक वेळा ते इन्सुलिन रेझिस्टन्सचं लक्षण असतं, म्हणजे इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, म्हणून शुगर नॉर्मल ठेवायला ते जास्तीचं इन्सुलिन बनवतंय, त्यामुळे एकट्या उपाशीपोटीच्या रिपोर्टवर खूश होऊ नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवून एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर; ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी), लिपिड (रक्तातली चरबी), लिव्हरसाठी एसजीपीटी आणि बीपी बघून घ्या. उपाशी बिलकुल ठेवू नका बाप्पा, वाढीचं वय आहे. आधी कोल्ड्रिंक बंद. तर्री पोहे रविवारी चालतील, रोज ट्यूशनवरून येताना नको. रोज तासभर घाम निघेल असं खेळू द्या, आपल्या नागपूरच्या मे महिन्यात सकाळी सहालाच अंबाझरी तलावावर न्या. आणि रात्री मोबाईल काढून घ्या, झोप कमी झाली की भूक वाढते.