ग्रीक पुराणकथांवरून टॅटू काढायचा आहे. मेडुसा काढू की इकॅरस? अर्थ असलेला हवा.

तुम्ही मेडुसा आणि इकॅरस अशी दोन नावं दिलीत आणि खाली लिहिलंत, ‘पेनेलोपीसारखं नवऱ्याची वाट बघणारं रडकं काही नको.’ या एका वाक्यासाठी लिहायला बसले आहे. माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पेनेलोपीचा विणायचा माग गोंदवलेला आहे.

आधी तुमची दोन नावं. इकॅरसला बापाने मेणाने जोडलेले पिसांचे पंख लावून दिले आणि उडण्याआधी दोन गोष्टी बजावल्या होत्या. फार वर जाऊ नकोस, उन्हाने मेण वितळेल. फार खालीही जाऊ नकोस, समुद्राच्या पाण्याने पिसं जड होतील. लोकांना पहिलीच आठवते, कारण तो वर गेला आणि समुद्रात पडला. ज्याने ते पंख बनवले तो बाप, डेडलस, सुखरूप उतरला. त्याचा टॅटू मी अजून कुणाच्या अंगावर पाहिलेला नाही. मला विचाराल तर डेडलस काढा.

मेडुसा म्हणजे केसांच्या जागी साप असलेली बाई. तिचा चेहरा ग्रीक लोक ढालींवर आणि देवळांवर लावायचे, वाईट दूर राहावं म्हणून. पुढे ओव्हिड या रोमन कवीने सांगितलेल्या कथेत समुद्रदेव तिच्यावर देवळात बळजबरी करतो आणि शिक्षा मात्र तिलाच होते. म्हणून आज अत्याचारातून बाहेर आलेल्या कितीतरी बायका तो चेहरा गोंदवून घेतात. तुमचं तसं काही असेल तर जरूर काढा, कुणाला कारण सांगत बसू नका. केसांतले साप छान दिसतात एवढंच कारण असेल तर काढू नका.

आता पेनेलोपी.

आम्ही येवल्याचे. घरात खड्डामाग होता, म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. 1996 साली बाबा कामाला म्हणून सुरतेला गेले. काही महिने मनीऑर्डर आली, मग तीही बंद झाली. मी नऊ वर्षांची, दादा चौदाचा. वर्षभरात दोन्ही काकांनी घर विकायचं काढलं. गिऱ्हाईक तयार होतं, आईच्या सहीवाचून अडलं होतं. आई भांडली नाही. ती म्हणायची, ‘मागावर पैठणी आहे. ती उतरू दे, मग बघू.’ मागावर पैशाची वस्तू आहे म्हटल्यावर काकाही गप्प बसायचे. भरल्या पदराची पैठणी म्हणजे काही महिन्यांचं काम, आणि एक उतरायच्या आत आईचा पुढचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तयार असायचा.

एकदा मात्र पदर संपत आला होता आणि काका दुसऱ्या दिवशी कागद घेऊन येणार होते. रात्री मला जाग आली. आई खड्ड्यात बसली होती, चिमणी जवळ ओढून घेतली होती, आणि बोटाच्या टोकाने एकेक रंगीत धागा उलटा काढत होती. मोराची हिरवी मान उसवून झाली होती, छातीचा थोडा भाग राहिला होता. मला बघून म्हणाली, ‘चुकला होता गं.’ चुकला नव्हता. संध्याकाळी मी तो मोर पाहिला होता.

नाशिकला कॉलेजात असताना ओडिसी या ग्रीक महाकाव्यातली पेनेलोपीची गोष्ट वाचली. तिचा नवरा ओडिसियस वीस वर्षं घराबाहेर, आणि त्याच्या घरात 108 जण ठाण मांडून बसलेले, पेनेलोपीने आपल्यातल्या कुणाशी तरी लग्न करावं म्हणून. ती सांगते, सासऱ्यासाठी कफन विणते आहे, ते पुरं होऊ द्या. दिवसा विणते, रात्री मशालीच्या उजेडात उसवते. तीन वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. चौथ्या वर्षी एका दासीने फोडलं म्हणून ती सापडते. मला त्या मोराची मान आठवली.

ही बाई वाट बघत नव्हती हो. ती घर धरून बसली होती. नवरा आला तेव्हाही तिने लगेच विश्वास ठेवला नाही. पलंग बाहेर काढा म्हणाली, कारण तो पलंग जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या बुंध्यावर बांधलेला आहे, हलवता येत नाही, हे खऱ्या नवऱ्यालाच माहीत असणार. आमचा खड्डामागही तसाच, उचलून नेता न येणारा.

2019 साली टॅटू काढायचं ठरवलं तेव्हा दादा म्हणाला, ‘सोडून गेलेल्या माणसाची वाट बघत आईने जन्म काढला, आणि तू तेच हातावर मिरवणार? त्या बाईचा नवरा निदान परत तरी आला.’ आमचं यावरून फार बिनसलं. बाबा आलेच नाहीत, हे खरं आहे. पण आई त्यांच्यासाठी बसलेली नव्हती, हे दादाला आजही पटत नाही.

पहिल्या टॅटूवाल्याने खिडकीशी चरखा घेऊन बसलेली, डोळ्यांत पाणी असलेली बाई दाखवली. चरख्यावर सूत काततात, कापड विणत नाहीत. मी उठून आले. दुसऱ्याकडे फोटो घेऊन गेले. इटलीत क्युझीच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी 440च्या सुमाराचा एक पेला आहे, त्याच्यावर पेनेलोपी मान खाली घालून बसली आहे, पुढ्यात तिचा मुलगा भाले घेऊन उभा आहे आणि मागे उभा माग आहे. मी सांगितलं, दोघांनाही काढून टाका, फक्त माग ठेवा. अर्धं कापड, खाली लोंबणारे ताण्याचे धागे आणि त्यांच्या टोकांना बांधलेली वजनं.

आईने माझा हात दारापाशी, उजेडात धरला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘फणी कुठंय?’ आमच्या मागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, फणीने ठोकून बसवतात. म्हटलं, यांच्या मागाला फणी नसते, ताणा वजनांनी ताठ राहतो. ती थोडा वेळ बघत राहिली. ‘मग बाणा खालून वर ठोकत असतील.’ अगदी बरोबर. कापड वरून सुरू होतं, म्हणून ठोकायचं वरच्या दिशेने. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

तर टॅटू निवडताना गोष्ट मूळ कथेत शेवटपर्यंत वाचा, आणि तिच्यातली कुठली वस्तू तुमच्या घरात होती ते बघा. चेहऱ्यापेक्षा वस्तू काढा. ग्रीक अक्षरांत ओळ लिहून घेणार असाल तर ती भाषा येणाऱ्याला आधी दाखवा. बारीक रेषा काही वर्षांत जाड होतात, माझी वजनं आता थोडी एकमेकांना चिकटलेली दिसतात, तेव्हा मोकळी जागा ठेवायला सांगा. सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढायला लावा. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सैन्यात किंवा पोलिसात जायचं असेल तर भरतीचे नियम वाचल्याशिवाय हात पुढे करू नका. आणि माझ्या सांगण्यावरून पेनेलोपी काढू नका, तुमच्या घरात माग नसेल तर तिचा काही उपयोग नाही.

दादा हे वाचेल म्हणून एवढं लिहिते. 2003 साली वाटणी झाली, तोपर्यंत घर विकलं गेलं नव्हतं. आपल्या वाट्याला मागाची खोली आणि ओसरी आली, आणि उताऱ्यावर तुझं नाव लागलं. त्याच खोलीत आज तुझं दुकान आहे. खड्डा बुजवून तू वर फरशी बसवलीस. तुझ्या गल्ल्याची खुर्ची आहे ना, तो तिच्या बरोबर खाली होता.