बांगडीचा स्पर्श जाणवेनासा का होतो?

प्रश्न : बांगडी हातात चढवताना तिचा स्पर्श स्पष्ट जाणवतो, मग दिवसभर तिचा विसर पडतो. त्वचा स्पर्श कळवणे थांबवते का?

उत्तर : पूर्णपणे नाही. त्वचेतील स्पर्शवाहक मज्जातंतूंच्या टोकांवर पिएझो-२ नावाचे प्रथिन असते. त्वचा दाबली गेली की तेथील पेशीपटल ताणले जाते, या प्रथिनातील वाट उघडते, धनभारित आयन आत शिरतात आणि त्यातून उठलेला विद्युतसंदेश मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे धावतो. पिएझो प्रथिने शोधणारे आर्डेम पटापूटियन २०२१ च्या वैद्यक नोबेलचे सहमानकरी आहेत, आणि तो सन्मान सर्वस्वी योग्यच होता.

त्वचेतील स्पर्श टिपणाऱ्या भागांत सर्वांत विलक्षण रचना पॅचिनी कणिकेची. सुमारे १ मिलिमीटर लांबीच्या या कणिकेत कांद्यासारखे पापुद्रे असतात. दाब येताना आणि जाताना ती संदेश देते; दाब स्थिर राहिला की पापुद्रे तो आपल्यातच जिरवतात आणि कणिका गप्प होते. स्पर्श टिपणाऱ्या त्वचेतील मर्केल पेशी मात्र दाब असेपर्यंत तो कळवत राहतात. तांदूळ निवडताना चिमटीत धरलेल्या खड्याची कड बोटांना कळते, ती मुख्यतः त्यांच्यामुळे. बांगडीच्या बाबतीत त्या एकसुरी संदेशाकडे मेंदूही लक्ष देईनासा होतो. ती मनगटावर जराशी सरकली, की स्पर्श पुन्हा जाणवतो.