ड्युशेन (स्नायू हळूहळू अशक्त होत जाणारा जन्मजात आजार) असलेल्या १६ वर्षांच्या भाच्याला रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन) लावायला सांगितलंय. खेड्यात घरी जमेल का, की ऑक्सिजनचा सिलिंडर पुरेल? घरातले म्हणतात, मशीनची सवय लागेल.

जमतं. माझ्या धाकट्या भावालाही ड्युशेन आहे आणि आमच्या गावातल्या घरी तो रोज बायपॅप लावून झोपतो. पण सिलिंडरवर भागवू नका, हे आधी सांगते.

या आजारात फुप्फुसं सहसा चांगली असतात, छाती फुलवणारे स्नायू थकतात. झोपेत श्वास उथळ होतो आणि अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं दुखणं, रात्री कूस बदलायला सारख्या हाका मारणं, दिवसा पेंगणं, जेवण नकोसं होणं, हे बहुतेक वेळा त्यामुळेच. अशात नुसता ऑक्सिजन लावला की बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसतं, घरचे निर्धास्त होतात आणि कार्बन डायऑक्साइड मात्र वाढत राहतो. कधी कधी ऑक्सिजनमुळे श्वास आणखी मंदावतो. बायपॅप हवा आत ढकलतो, स्नायूंचं काम करतो. न्यूमोनियात ऑक्सिजन लागला तरी तो बायपॅपच्या जोडीला, डॉक्टर सांगतील तेवढाच.

'मशीनची सवय लागेल' असं घरातले म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. सवय लागत नाही, मशीनवरचे तास वाढतात ते आजार पुढे सरकतो म्हणून. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी २००२ साली आकडे मांडले: १९६०च्या दशकात ही मुलं सरासरी १४.४ वर्षांची असताना दगावत, १९९० नंतर घरी रात्री मशीन मिळालेली २५.३ पर्यंत पोचली. तिथे मशीन सरकारी आरोग्यसेवा देते. आपल्याकडे बहुतेक घरांना ते पदरमोड करून, कर्ज काढून आणावं लागतं, आणि तोवर मुलगा आयसीयूत पोचलेला असतो. याचा मला फार संताप येतो.

घेताना बॅकअप रेट असलेलं (मुलाचा श्वास कळला नाही तरी ठरलेल्या वेळाने स्वतः श्वास देणारं), म्हणजे एसटी मोडचं मशीन बघा, कारण अशक्त मुलाचा श्वास मशीनला दर वेळी कळेलच असं नाही. स्वस्त पडतं म्हणून सीपॅप (सतत एकाच दाबाने हवा सोडणारं मशीन) गळ्यात मारतील, ते याच्या कामाचं नाही. कोविडनंतर जुनी मशीनं खूप विकायला आहेत. त्यात फिलिप्सचं असेल तर सिरीयल नंबर तपासा, आतल्या फोममुळे कंपनीने जून २०२१ मध्ये बरीच मॉडेलं परत मागवली होती. प्रेशर किती ठेवायचं ते डॉक्टरच ठरवतील.

लोडशेडिंगसाठी प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखाच सुरळीत प्रवाह देणारा) इन्व्हर्टर घ्या. वीज गेली की मशीनचा ह्युमिडिफायर (हवा कोमट, ओलसर करणारा भाग) बंद करा, सगळ्यात जास्त वीज तोच खातो.

आणि अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, उशाशी हवीच. मशीन बंद पडलं तर ती कामी येते, शिवाय कफ काढायलाही. तिने छातीत श्वासावर श्वास भरायचा, मग मुलगा खोकताना पोटावर दाब द्यायचा. मशीन यायची वाट न बघता हे फिजिओथेरपिस्टकडून याच आठवड्यात शिकून घ्या, घरातल्या निदान दोघांनी.